झुडपी रानातली ठरवून लावलेली आग : जमिनीला किती झळ पोचते?

चिकणपोयटा

वणव्याच्या बातमीत ज्वाळा दिसतात, जळकी घरं दिसतात. मातीचं काय झालं ते सहसा कुणी विचारत नाही. नियोजित आगीबद्दल, म्हणजे मोठा वणवा टळावा म्हणून सरपण कमी करायला ठरवून लावलेल्या आगीबद्दल, तर एक समज पक्का बसलाय : माणसांनी लावली, माणसांनीच आवरली, म्हणजे जमिनीला धक्का नाही. तो समज तपासावा म्हणून हा धागा काढतोय.

उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चॅपरलचं घेतो. चमीस, मँझनिटा, सिअनोथस, झुडपी ओक यांचं दाट, माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून उंच रान. पानं जाड आणि चिवट. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. जमीन उथळ, भरड आणि बऱ्याच ठिकाणी जबर उताराची. तिथल्या सॅन गॅब्रिएल डोंगरात १९३३ साली सॅन डिमास प्रायोगिक वनक्षेत्र सुरू झालं. झुडपी रानातल्या आगीखाली माती कशी वागते, याचं बरंच मूलभूत काम तिथे आणि आसपास झालं. मृदाशास्त्रज्ञ लिओनार्ड डिबॅनो हे त्यातलं ठळक नाव.

आधी उष्णतेचा हिशोब. आगीतून निघणाऱ्या एकूण उष्णतेपैकी दहाएक टक्केच मातीत उतरते, बाकीची वर जाते. कोरडी माती उष्णता वाहून नेण्यात मंद असते. त्यामुळे वर भडका असतानाही चार बोटं खाली गारवा असू शकतो. ढोबळ आकडे असे : दाट रान भडकून जळलं तर पृष्ठभागावर ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास, अडीच सेंटिमीटर खाली २०० च्या आसपास. हलक्या आगीत पृष्ठभागावर २५० आणि अडीच सेंटिमीटरवर १०० च्या आत. पाच सेंटिमीटर खाली हलक्या आगीचा फारसा मागमूस राहत नाही.

आता या तापमानांना काय काय घडतं ते पाहा. ५० ते ६० अंशांत बारीक मुळं मरतात. ६० ते १२० च्या पट्ट्यात बुरशी आणि जिवाणू टप्प्याटप्प्याने जातात, बुरशी आधी. २०० च्या पुढे सेंद्रिय पदार्थाची वाफ होऊ लागते आणि नत्र (नायट्रोजन) हवेत जायला सुरुवात होते. ३०० पर्यंत सेंद्रिय पदार्थाचा मोठा हिस्सा संपतो. ५०० च्या वर गेलं तर त्या थरातला निम्म्याहून अधिक नत्र गेला असं धरा. गंधक ३७५ च्या आसपास उडू लागतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) मात्र पावणेआठशेपर्यंत तग धरतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याहूनही पुढे. म्हणून राखेत हे सगळं सापडतं आणि नत्र फारसा सापडत नाही.

तेव्हा नियोजित आग जमिनीला सोसली की नाही हे ज्वाळेच्या उंचीवरून ठरवू नका. माती किती वेळ तापत राहिली आणि त्या वेळी तिच्यात किती ओल होती, हे दोनच प्रश्न आधी विचारा. बारीक काटक्यांवरून पळत गेलेली आग मिनिट-दोन मिनिटांत पुढे सरकते. जाड बुंधा किंवा साठलेला पातेरा धुमसत राहिला तर तीच माती तासन् तास भाजते.

---

दख्खनरान

उत्तम सुरुवात. ओलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आग लावायचा दिवस ठरवताना सगळं तिथेच अडतं.

मातीत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या जवळपास अडकून राहतं. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की पारा सरळ वर चढतो. म्हणून हिवाळ्यातल्या पावसानंतर, वरचा पातेरा एक-दोन सेंटिमीटर सुकलाय पण खालची माती वाफशावर, म्हणजे चिखल नसलेल्या बेताच्या ओलीवर आहे, अशा वेळी लावलेली आग सेंद्रिय कर्बाला फार कमी धक्का लावते. हाताने पाहायचं तर तीन बोटं खालची माती मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ओल आहे. भुसभुशीत पडली तर त्या दिवशी काडी ओढू नका. नोंदीसाठी मात्र वजनावरचीच ओल काढा : नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवायचा, ओल्या आणि कोरड्या वजनातला फरक भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

झुडपांच्या जिवंत फांद्यांतली ओलही याच सूत्राने निघते. वसंतात चमीसच्या कोवळ्या फांद्यांत ती १०० टक्क्यांच्या वर असते, उन्हाळा सरता सरता ६० पर्यंत येते. ६० च्या खाली गेली की आग आवरण्याच्या पलीकडे जाते, त्यामुळे नियोजित आगीसाठी तो काळ वर्ज्य. आणि खूप हिरवं असताना ती पेटतच नाही, ठिकठिकाणी विझते. मधला पट्टा अरुंद आहे. त्यात हवेतली आर्द्रता, वारा, धुराची परवानगी, माणसं हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. चॅपरलमध्ये ठरवलेल्या आगी पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या जातात त्याचं कारण हेच.

ही अडचण टाळायला एक तोड काढली जाते : आधी बुलडोझरने झुडपं चिरडायची, काही आठवडे वाळू द्यायची आणि मग आजूबाजूचं रान हिरवं असताना चिरडलेला पट्टा जाळायचा. आग आवरण्याच्या दृष्टीने हे सोयीचं, मातीच्या दृष्टीने वाईट. उभ्या झुडपात सरपण जमिनीपासून वर, हवेत असतं. चिरडल्यावर तेच सगळं मातीला चिकटून पडतं आणि जास्त वेळ जळतं. शिवाय यंत्राच्या वजनाने माती दबते ती वेगळीच. ढीग करून जाळणं त्याहून वाईट. ढिगाखालची माती कधी कधी विटेसारखी लाल होते आणि त्या गोलात कित्येक वर्षं धड काही उगवत नाही. ढीग लावायचेच असतील तर लहान लावा, जाड ओंडके बाजूला काढा, आणि दरवर्षी त्याच जागी लावू नका.

---

रानजाई

> वरचा पातेरा सुकलाय पण खालची माती वाफशावर आहे, अशा वेळी लावलेली आग...

कर्बासाठी हे बरोबर आहे. बियांसाठी मात्र हीच वेळ घातक ठरू शकते, आणि तेही इथे यायला हवं.

चॅपरलच्या मातीत बियांचा मोठा साठा असतो. त्यातल्या कित्येक बिया आगीची वाट पाहत वर्षानुवर्षं पडून राहतात. कोरड्या अवस्थेत यातल्या बऱ्याच बिया १०० अंशांच्या वरची उष्णता काही मिनिटं सोसतात. पण पाणी पिऊन फुगलेली बी त्याहून खूपच कमी तापमानाला शिजते. सिअनोथससारखी कडक कवचाची बी पाणी आत घेतच नाही, त्यामुळे ती ओल्या मातीतही तगते आणि उष्णतेने कवच तडकलं की रुजते. मऊ कवचाच्या बियांचं तसं नाही. धुराने किंवा कोळशातल्या रसायनांनी जाग्या होणाऱ्या वर्षायू (एकाच हंगामात जगून मरणाऱ्या) फुलझाडांच्या बिया याच गटातल्या. एमेनँथे पेंडुलिफ्लोरा हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने तिची सुप्तावस्था मोडते, हे १९९७ साली दाखवलं गेलं. ओल्या मातीत हलकी आग लावली तर कागदावर मातीला झळ कमी, आणि प्रत्यक्षात पुढच्या वर्षीचं आच्छादन विरळ.

सूक्ष्मजीवांचंही तेच. ओल्या उष्णतेत ते कोरड्या उष्णतेपेक्षा लवकर मरतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर विशेष नाजूक.

दुसरी गोष्ट वसंताची. या काळात चमीसने जमिनीखालच्या गाठीतला पिष्टमय साठा नव्या पालवीवर खर्च केलेला असतो. तेव्हा जाळलं तर फुटवे कमी येतात आणि मरतुक वाढते. या रानाची निसर्गातली आग उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात येते, झाडं आणि बिया त्या वेळापत्रकाला सरावलेल्या आहेत.

आच्छादन विरळ झालं की पहिल्या पावसात माती उघडी. म्हणजे बियांचा प्रश्न फिरून मातीकडेच येतो.

---

चिकणपोयटा

रानजाई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. यातून व्यवहारात निघतं ते असं : ओल हवी, पण ती बियांच्या थराखाली. चॅपरलमधल्या बहुतेक बिया मातीच्या अगदी वरच्या थरात असतात. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुकलेले आणि त्याखाली ओल, अशी मांडणी सर्वांत बरी. पाऊस पडून लगेच दोन दिवसांनी जाळण्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे कोरडे जाऊ द्यावेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या एक-दोन सरींनंतर अशी संधी कधी कधी मिळते. त्या वेळी वारे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात, कारण सांता आना या जोरदार, कोरड्या वाऱ्यांचाही हंगाम तोच.

---

नालाबांध

आता पाण्याकडे येऊ. चॅपरलमध्ये आगीनंतर माती पाणी का झिडकारते, हे समजल्याशिवाय पुढचा चिखलाचा लोंढा समजत नाही.

या झुडपांच्या पातेऱ्यात मेणासारखे, तेलकट पदार्थ भरपूर असतात. आग नसतानाही पातेऱ्याखालची माती थोडीफार पाणी झिडकारते. पातेरा जळताना या पदार्थांची वाफ होते. काही वर निघून जाते, काही मातीच्या पोकळ्यांतून खाली उतरते, कारण खाली गार असतं. गार कणांवर ती गोठते आणि त्यांना लेप बसतो. १७५ ते २०० अंशांपर्यंत तापलेल्या मातीत हा गुण सर्वांत तीव्र होतो. २८० ते ४०० च्या दरम्यान लेपच जळून जातो. म्हणून भडक आगीनंतर वरची माती पाणी पिते आणि त्याखाली, दोन ते सात सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी, पाणी न पिणारा थर सापडतो. हलक्या आगीत तो थर पृष्ठभागावरच किंवा अगदी लगत असतो.

भरड, वाळूमय जमिनीत हे जास्त ठळक होतं. वाळूच्या कणांचा एकूण पृष्ठभाग चिकणमातीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे थोड्या पदार्थात सगळे कण माखतात. ग्रॅनाइटपासून झालेली जमीन आणि वर चॅपरल, हा संयोग त्यामुळे त्रासाचा.

पाऊस आला की वरचा पातळ थर भिजतो. पाणी खाली जात नाही, थर तुडुंब होतो आणि उतारावरून घसरायला लागतो. बारीक ओघळ एकमेकांना जवळजवळ समांतर पडतात, ती याचीच खूण.

तपासायची रीत सोपी आहे :

राख हलकेच ब्रशने बाजूला करा. मातीला हात लावू नका. ड्रॉपरने पाण्याचे पाच-सहा थेंब वेगवेगळ्या जागी टाका आणि घड्याळ लावा. ५ सेकंदांत मुरले तर माती पाणी पिणारी. ५ ते ६० सेकंद : किंचित झिडकारणारी. १ ते १० मिनिटं : तीव्र. १० मिनिटं ते तास : अतितीव्र. तासाच्या वर थेंब मण्यासारखा बसून राहिला तर शेवटची पायरी. मग पट्टीने एक सेंटिमीटर माती खरवडा आणि पुन्हा तेच. असं दहा सेंटिमीटरपर्यंत खाली जा.

इथे बहुतेकांकडून होणारी चूक म्हणजे फक्त पृष्ठभागावर थेंब टाकून ‘माती ठीक आहे’ असं लिहून मोकळं होणं. भडक आगीनंतर थर खाली असतो, तो असा सुटतो. दुसरी चूक, पावसानंतर मोजणं. माती भिजलेली असेल तर हा गुण तात्पुरता लपतो आणि सुकल्यावर परत दिसतो. म्हणून मोजणी कोरड्या मातीवर करा आणि त्या दिवशीची ओलही लिहून ठेवा.

आगीने बसलेला हा लेप साधारणपणे एक-दोन वर्षांत उतरत जातो, काही जागी जास्त काळ रेंगाळतो. मुळं, किडे, उंदीर आणि वारंवार भिजणं-सुकणं त्याला फोडतात.

---

पश्चिमकडा

नालाबांध, पाऊस येण्याआधीच माती खाली येते ते राहिलं. चॅपरलचे उतार कित्येक ठिकाणी ३०-३५ अंशांहून उभे असतात. तिथे सुटी माती आणि खडे झुडपांच्या बुंध्यांमागे अडून बसलेले असतात. बुंधे जळाले की आग चालू असतानाच हे सगळं कोरडंच घरंगळतं आणि नाल्यांत साठतं. पहिल्या जोरदार सरीला तो साठा आयता मिळतो.

९ जानेवारी २०१८ ला मॉन्टेसिटोत जे झालं त्यामागे हेच गणित होतं. डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस वणव्याने गावामागचे चॅपरलचे उतार जाळले होते. मग पहाटेच्या अंधारात पाच मिनिटांत १३ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. दगडगोट्यांसकट चिखलाचा लोंढा वस्तीत शिरला आणि २३ माणसं गेली.

तो वणवा होता, नियोजित आग नव्हे, हे ठाऊक आहे. पण उभ्या उतारावर सरसकट पट्टा जाळला तर पाण्याला फरक कळत नाही. म्हणून नियोजित आगीत तीन गोष्टी मी हट्टाने मागेन. नाल्याच्या दोन्ही काठांना १५ ते ३० मीटर रान न जाळता राखायचं. एकाच पाणलोटाचा सगळा भाग एका वर्षात जाळायचा नाही, ठिगळं-ठिगळं करून वर्षांत वाटायचा. आणि अतिउभा उतार आराखड्यातूनच वगळायचा.

---

परीक्षानळी

प्रयोगशाळेच्या बाजूने काही सूचना. आगीनंतरचे मातीचे अहवाल वाचताना आकडे फसवे असतात, कारण नमुना घेण्यातच घोळ झालेला असतो.

पहिलं म्हणजे राख आणि माती वेगळी गोळा करा. एका चौकटीत, समजा ३० × ३० सेंटिमीटर, आधी राख ब्रशने पिशवीत भरा, वजन करा. मग माती ०-२, २-५, ५-१० सेंटिमीटर अशा थरांत घ्या. सरळ ०-१५ चा नमुना घेतला, जसा शेतात घेतात, तर आगीचा परिणाम खालच्या न भाजलेल्या मातीत विरून जातो आणि ‘काहीच बदल नाही’ असा अहवाल येतो.

दुसरं, टक्केवारीवर थांबू नका. हेक्टरी साठा काढा. त्यासाठी मातीची घनता लागते, कारण आगीनंतर तीही बदलते. हिशोब उदाहरणादाखल : ५ सेंटिमीटर थर, घनता १.२ (टन प्रति घनमीटर), तर हेक्टरी ५०० घनमीटर म्हणजे ६०० टन माती. एकूण नत्र ०.१२ टक्के असेल तर साठा ७२० किलो. आगीनंतर ०.१० टक्के आला तर ६०० किलो, म्हणजे १२० किलोची घट. यात पातेऱ्यातला आणि झुडपांतला नत्र धरलेला नाही. तो बहुतेक सगळा जळून गेलेला असतो, त्याचा हिशोब आगीआधीच्या वजनावरून वेगळा मांडावा लागतो.

तिसरं, एकूण नत्र घटला तरी उपलब्ध नत्र, म्हणजे रोपांना लगेच उचलता येणारा, वाढलेला दिसतो आणि लोक बुचकळ्यात पडतात. उष्णतेने सेंद्रिय पदार्थ तुटतात आणि अमोनियम मोकळं होतं. आगीनंतर लगेच मोजलं तर अमोनियम कित्येक पट दिसू शकतं. नायट्रेट नंतर, पाऊस पडून जिवाणू सावरल्यावर वाढतं. तेव्हा रान हिरवं झालेलं नसेल तर हे नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं. सॅन डिमासच्या बाबतीत लॉस एंजलिसच्या दूषित हवेतून येणारा नत्रही या हिशोबात आहे, म्हणून तिथले नायट्रेटचे आकडे दुसऱ्या रानाला जसेच्या तसे लावू नयेत.

अमोनियमचा नमुना बर्फात ठेवून आणा आणि शक्य तितक्या लवकर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात काढा. गाडीच्या डिकीत दोन दिवस पडलेल्या पिशवीतला आकडा निरुपयोगी.

चौथं, सेंद्रिय कर्ब. आपल्याकडच्या माती परीक्षण प्रयोगशाळांत वॉकली-ब्लॅक पद्धत चालते. ती कोळशातला कर्ब पुरता पकडत नाही. जळालेल्या मातीत कोळसा भरपूर, म्हणून कर्ब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. अशा नमुन्यांना कोरड्या ज्वलनाची यंत्रपद्धत हवी.

सामू (pH) : राखेतल्या कॅल्शियम, पोटॅशियमच्या क्षारांमुळे चढतो. आम्ल आणि भरड जमिनीत जास्त चढतो, चुनखडीयुक्त जमिनीत जवळजवळ नाहीच. राख धुऊन गेली की परत उतरतो.

---

खाचर

हे सगळं वाचताना कोकण-मावळातला राब, म्हणजे रोपांसाठी पाला-शेण जाळून भाजलेला वाफा, डोळ्यांपुढे येतो. तिथेही आग ठरवून लावतात. तुलना करता येईल का?

---

चिकणपोयटा

येईल, पण उद्देश उलटा आहे हे लक्षात ठेवून. झुडपी रानातल्या नियोजित आगीत माती तापू नये अशी धडपड असते. राबात माती तापावी हीच अपेक्षा असते.

राबाची रचना बघा. शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर कवळ (झाडांचा तोडलेला पाला-फांद्या), त्यावर पातेरा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक माती. वरच्या मातीमुळे ज्वाळा उठत नाही, थर धुमसत जळतो. पेटवतात ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश सरकते. सावकाश आगीने वरचे काही सेंटिमीटर चांगले भाजतात. तणाचं बी मरतं, अमोनियम मोकळं होतं, राखेने आम्ल जांभ्या जमिनीचा सामू वर येतो. काही आठवड्यांत मृग लागतो, भात किंवा नाचणी पेरली जाते, आणि रोपं ते नत्र उचलतात. शिवाय राबाची जागा लहान, बहुधा सपाट आणि बांधाच्या आत. म्हणून माती वाहून जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

खरा भार कवळ जिथून तोडतात त्या रानावर पडतो. एका वाफ्याच्या पोषणासाठी आजूबाजूच्या झाडांची पालवी आणि पातेरा दरवर्षी उचलला जातो. तो हिशोब वाफ्यातल्या मातीच्या अहवालात कधीच दिसत नाही.

---

दख्खनरान

सह्याद्रीच्या उतारावर गवतासाठी लावलेल्या आगीची तुलना मात्र चॅपरलशी थेट करू नये. वाळलेलं गवत क्षणात जळून जातं, मातीत उष्णता फार उतरत नाही. नुकसान होतं ते दुसऱ्या वाटेने : मार्च-एप्रिलमध्ये उतार उघडा पडतो आणि जूनमध्ये त्यावर थेट मुसळधार पाऊस. शिवाय दरवर्षी जाळल्याने झुडपांची आणि झाडांची रोपं वर येऊच शकत नाहीत. वनविभागाची जाळरेषा हा वेगळा प्रकार. ती अरुंद असते, हंगामाआधी जाळून घेतात, आणि तिचा हेतू मोठी आग अडवणं एवढाच असतो. तीही उताराच्या दिशेने सरळ खाली काढली तर पावसात तिचीच घळ होते. समपातळीला धरून, थोडा ढाळ देऊन काढावी आणि मध्ये मध्ये आडवे बांध घालावेत.

---

रानजाई

दोन आगींमध्ये किती वर्षं जावीत, यावर कुणी बोललेलं नाही. मातीच्या दृष्टीने मला हा सर्वांत वजनदार प्रश्न वाटतो.

एका आगीत हेक्टरी शंभर-दीडशे किलो नत्र गेला असं धरा. तो परत कसा येतो? हवेतून पडणारा थोडा, आणि सिअनोथसच्या मुळांवरच्या फ्रँकिया जिवाणूंनी बांधलेला. म्हणजे भरपाईचं मोठं काम एका झुडपावर सोपवलेलं आहे, आणि त्या झुडपाच्या कित्येक जाती फुटव्याने येतच नाहीत, फक्त बियांपासून येतात. त्यांना फुलायला, बी धरायला आणि मातीत पुरेसा साठा करायला बरीच वर्षं लागतात. दहा-पंधरा वर्षांच्या आत पुन्हा जाळलं तर हा साठाच संपतो. मग त्या जागी युरोपातून आलेली वर्षायू गवतं शिरतात. गवत दरवर्षी वाळतं, सहज पेटतं, आग आणखी लवकर येते. मुळं उथळ. १९६० च्या वणव्यानंतर सॅन डिमासमधले काही पाणलोट मुद्दाम गवताखाली आणले गेले, तेव्हा मोठ्या पावसात त्या उतारांवर झुडपी उतारांपेक्षा जास्त घसरणी झाल्या. झुडपांची मुळं खडकाच्या भेगांत उतरून उतार धरून ठेवतात, ते काम गवताला जमत नाही.

त्यामुळे दक्षिण कॅलिफोर्नियात ‘रानाच्या आरोग्यासाठी’ चॅपरल जाळा असं म्हणणं मला पटत नाही. तिथे माणसांमुळे आग आधीच गरजेपेक्षा जास्त वेळा येते. वस्तीलगतचा अरुंद पट्टा, रस्त्याकडेचा पट्टा, जिथे अग्निशमन दलाला उभं राहायला जागा हवी, तिथे जाळणं समजू शकते. दूरच्या रानात नाही.

---

पश्चिमकडा

रानजाईंशी दक्षिण कॅलिफोर्नियापुरता सहमत. पण हा निष्कर्ष सगळ्या झुडपी रानांना लावू नका. स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियात, काटेरी गॉर्सचं रान आहे. पाऊस भरपूर, जमीन सेंद्रिय कर्बाने समृद्ध, झुडूप फुटव्याने पटकन परत येतं. तिथे ओल्या हंगामात लावलेल्या हलक्या आगीनंतर पातेऱ्याचा खालचा थर न जळता राहतो, आणि तो राहिला की माती फारशी वाहत नाही. उन्हाळी वणव्यात तोच थर जळतो, तेव्हा माती मोठ्या प्रमाणावर जाते. तिथे नियोजित आगीला जागा आहे. स्कॉटलंडच्या हीथर झुडपांच्या रानात आणखी वेगळी काळजी : खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असेल तर पीटच सरपण. ते पेटलं की दिवसचे दिवस विझत नाही. तिथे आग फक्त वरच्या झुडपापुरती राहील इतकं पीट ओलं असलंच पाहिजे.

---

खाचर

मग आग लावून झाल्यावर जागेवर जाऊन काय पाहायचं? उपकरणं नसलेल्या माणसाने.

---

दख्खनरान

रंग पाहा. काळा कोळसा आणि अर्धवट जळलेली पानं दिसली तर हलकी आग. राखाडी राख, पण खाली मुळांचे धागे शाबूत, तर मध्यम. पांढरी राख आणि तिच्याखाली माती विटकरी झालेली असेल तर तिथे खूप भाजलं. असे डाग एकूण क्षेत्राच्या किती भागावर आहेत ते पावलांनी मोजा : उतारावर आडवी सरळ रेष धरून शंभर पावलं चाला, प्रत्येक पावलाला पायाच्या टोकाखाली काय आहे ते लिहा.

झुडपांचे उरलेले खुंट पाहा. सर्वांत बारीक उरलेल्या काटकीची जाडी मोजा. आग जितकी भडक तितक्या जाड काटक्याही जळून गेलेल्या असतात. दोन-तीन मिलिमीटरच्या काटक्या उरल्या असतील तर हलकी, अंगठ्याएवढे खुंटच तेवढे उरले असतील तर जबर.

हाताने माती उकरा. पाच सेंटिमीटरवर बारीक मुळं लवचीक आहेत की चुरचुरीत? शेवटी थेंबाची चाचणी, नालाबांध यांनी दिली तशी.

---

नालाबांध

पहिल्या पावसाआधी भाजलेल्या उताराला आच्छादन द्यायचं असेल तर गव्हाचं काड हेक्टरी अडीच टनांच्या आसपास, जमिनीचा ६० ते ७० टक्के भाग झाकेल असं पसरवा. त्याहून दाट टाकलं तर खालचं रोप वर येत नाही, विरळ टाकलं तर वाऱ्याने उडतं. काडात तणाचं बी नाही याची खात्री करून घ्या. कॅलिफोर्नियात कित्येक दशकं जळालेल्या उतारांवर रायगवताचं बी विमानातून फेकत. पहिल्या हिवाळ्यातल्या जोरदार सरींआधी ते उगवून माती धरेल, असं सहसा घडलं नाही. आणि जिथे उगवलं तिथे स्थानिक रोपांची जागा खाल्ली.

पर्जन्यमापक लावणार असाल तर पाच मिनिटांची नोंद ठेवणारा लावा, आणि तो जळालेल्या उताराच्या वरच्या अंगाला. दिवसाचा एकूण पाऊस इथे काही सांगत नाही. दिवसभर रिपरिप करून ४० मिलिमीटर पडला तर कदाचित नुसतं गढूळ पाणी येईल. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ताज्या जळालेल्या उभ्या उतारांवर पंधरा मिनिटांत ५ ते ७ मिलिमीटर झाला की मात्र खालच्या वस्तीला हलवायची वेळ आली असं समजतात. आग लावणाऱ्यांनी हा आकडा आराखड्यातच लिहून ठेवावा, आणि कुणी कुणाला फोन करायचा तेही.